आपलेपणाची मालकी कोणाची?

कोकणातून बोटीने किंवा एस.टी.ने मुंबईत उतरलेल्या माणसाला गिरणगावात पहिला प्रश्न विचारला जाई तो ‘गाव कुठलं?’ हा. पुढचे पुष्कळसे त्या एका उत्तरावर ठरे. गावच्या मंडळींची खोली कोणत्या चाळीत आहे, दिवसपाळी आणि रात्रपाळी करणाऱ्यांनी तिच्यात आळीपाळीने पाठ कशी टेकायची, खाणावळ कोणाकडे लावायची आणि गिरणीच्या दारात बदली कामगार म्हणून आपले नाव कोण घालील, याची वाट तेथूनच निघे. धोबीतलाव आणि गिरगावच्या बाजूला गोवेकरांचे ‘कूड’ होते. त्यांपैकी काही आजही उभे आहेत. बोटीवर नोकरी लागेपर्यंत, किंवा एक सफर संपून दुसरी मिळेपर्यंत, गोव्याचा खलाशी आपल्या गावाच्या कुडात मुक्काम करी. ट्रंक ठेवण्यापुरती जागा, एक चटई, गावच्या संताची वेदी, संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना आणि परवडेल अशी वर्गणी, एवढ्यावर परक्या शहरात माणसाला ‘आपले’ असे ठिकाण मिळे.

आज शहरात येणाऱ्या तरुणाला हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. पुण्यात, ठाण्यात किंवा बंगळूरला त्याला भाड्याची खोली मिळते. गोत मिळत नाही. ते तो हातातल्या पडद्यावर शोधतो. गडकिल्ले हिंडणाऱ्यांचा गट, जुन्या गाण्यांच्या ध्वनिमुद्रिका जमवणाऱ्यांचा गट, मधुमेही मुलांच्या आईबापांचा गट, स्पर्धा परीक्षेत चौथ्यांदा अपयश आलेल्यांचा गट, असे असंख्य गोतावळे आंतरजालावर नांदत आहेत. ज्यांना आपण कधी पाहिले नाही अशा माणसांच्या ‘आज दिसला नाहीत?’ या विचारणेने कित्येकांचा दिवस सावरतो. आमच्या पिढीतील आणि आमच्या आधीच्या पिढीतील जाणते लोक यावर मान हलवतात. ज्यात कोणी कोणाच्या दारी जात नाही, सुखदुःखाला उभे राहत नाही, त्या जमावाला समाज म्हणावे काय, असा त्यांचा सवाल असतो.

या सवालावर एव्हाना बरेच लिहिले गेले आहे. माझ्या मते त्यात एक गफलत होते. या नव्या गोतावळ्यांत लाभणारा आपलेपणा खरा की खोटा, एवढ्यावरच चर्चा थांबते. तो खराच आहे. चिंता करण्यासारखी बाब वेगळी आहे. हा आपलेपणा ज्या जागेत वाढतो ती जागा कोणाची, हे कोणी विचारीत नाही, आणि अर्थशास्त्राचा शिक्षक म्हणून मला तोच प्रश्न अधिक गंभीर वाटतो.

परक्यांची सोबत

आधी खरेपणाविषयी. हा काही कालपरवाचा प्रयोग नव्हे. १९८५ साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सॉसॅलिटो या गावी ‘द वेल’ नावाची एक मंडळी सुरू झाली. तिच्या दोन संस्थापकांपैकी स्ट्युअर्ट ब्रँड हे प्रकाशक होते, तर डॉ. लॅरी ब्रिलियंट यांनी जागतिक आरोग्य संघटनेतर्फे भारतातील देवी निर्मूलनाच्या मोहिमेत काम केले होते. टेलिफोनच्या तारेने संगणक जोडायचा, वर्गणी भरायची आणि पडद्यावर लिहून गप्पा मारायच्या, असे तिचे स्वरूप होते. चित्रे नाहीत, आवाज नाही, नुसती अक्षरे. हॉवर्ड ऱ्हाइनगोल्ड या सदस्याने १९९३ साली या मंडळीवर पुस्तक लिहिले आणि अशा जमावांना ‘समुदाय’ हे नाव रूढ केले.

त्याने सांगितलेला एक प्रसंग साधाच आहे. त्याच्या लहान मुलीच्या अंगाला रात्री गोचीड चिकटलेली आढळली. पत्नीने बालरोगतज्ज्ञाला दूरध्वनी केला आणि उत्तराची वाट पाहत बसली. याने तोवर आईबापांच्या गटात प्रश्न टाकला. गटातील एका डॉक्टरचे उत्तर आले, गोचीड निघाली, आणि त्यानंतर बालरोगतज्ज्ञाकडून दूरध्वनी आला. दुसरा प्रसंग आपल्या देशाशी निगडित आहे. या मंडळीतील एक स्त्री आशियात प्रवास करीत असता नवी दिल्लीत अत्यवस्थ झाली. बातमी कळताच हजारो मैलांवरच्या सदस्यांनी दिल्लीतील ओळखीपाळखी शोधून तिच्यापर्यंत मदत पोहोचवण्यासाठी धडपड केली. त्यांच्यापैकी बहुतेकांचे तिच्याशी नाते होते ते केवळ अक्षरांतून जुळलेले.

मला स्वतःला याचा अनुभव आहे. २००७ साली मी एका तालुक्याच्या गावी तासिका तत्त्वावर अध्यापन करीत होतो. महाविद्यालयात अर्थशास्त्राचा मी एकटाच शिक्षक. मानधन वर्षाअखेरीस एकदम मिळे, तेही मिळाले तर. नियमित नोकरीत असलेले सहकारी वागायला चांगले होते; पण तासिकावाला हा मुक्कामी पाहुणा समजला जातो, आणि पाहुण्याला कोणी आपल्यात धरीत नाही. गावात एक सायबर कॅफे होता. भारनियमनाचे वेळापत्रक पाहून तेथे जावे लागे. अशाच एका संध्याकाळी मला महाराष्ट्रभर विखुरलेल्या तासिकावाल्या शिक्षकांचा एक गट सापडला. कोणी गडचिरोलीकडचा, कोणी लातूरचा, कोणी सावंतवाडीचा. सेट परीक्षेच्या टिपणांपासून मानधनाच्या शासकीय आदेशांपर्यंत सर्व काही तेथे येई. पुढे त्यातून एक मोठे काम उभे राहिले. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यांसाठी आम्ही अर्थशास्त्राच्या संज्ञांचा कोश करू लागलो. छापील परिभाषा होतीच. परंतु वर्गात ती संज्ञा कशी समजावली, कोणता दाखला दिला, मुले कोठे अडखळली, याची नोंद प्रत्येक शब्दापुढे आम्ही करीत असू. ‘सीमांत उपयोगिता’ या एका नोंदीवर पंधरा दिवस वाद चालला होता, आणि शेवटी लातूरच्या गृहस्थांनी उन्हातून आलेल्या माणसाने प्यायलेल्या पाण्याच्या पेल्यांचे जुनेच उदाहरण इतक्या सुरेख रीतीने मांडले की सर्वांनी शस्त्रे खाली ठेवली.

त्याच सुमारास माझ्या वडिलांना शस्त्रक्रियेसाठी जिल्ह्याच्या गावी दाखल करावे लागले. रक्ताची निकड होती आणि त्या शहरात माझ्या ओळखीचे कोणी नव्हते. गटावर दोन ओळी टाकल्या. रात्री दहाच्या सुमारास एक गृहस्थ आपल्या दोन विद्यार्थ्यांना घेऊन हजर झाले. आम्ही एकमेकांना प्रथमच पाहत होतो. ‘बाह्यतेवरची नोंद तुमचीच ना?’ हे त्यांचे पहिले वाक्य. गिरणगावातील ‘गाव कुठलं?’ या प्रश्नाच्या जागी मला हा प्रश्न विचारला गेला होता, आणि त्याची ऊब तितकीच होती.

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली एका निबंधात दाखवून दिले होते की नोकरीची वार्ता माणसाला जिवलगांपेक्षा दूरच्या ओळखींतून अधिक मिळते. जिवलगांना जे ठाऊक ते आपल्यालाही ठाऊक असते. नवी बातमी येते ती पातळ धाग्यांवरून. जालावरील गोतावळा हे अशा पातळ धाग्यांचे मोठे विणकाम आहे. आणखी एक गोष्ट येथे मान्य केली पाहिजे. गावकीच्या खोलीत प्रवेश जन्माने मिळे. गावाबरोबर जातही पाहिली जाई, आणि तेथील विश्व बहुतांशी पुरुषांचे होते. नव्या गोतावळ्यात जन्माचा दाखला सहसा कोणी मागत नाही. कोठल्याही खेड्यातील मुलगी आपल्या आवडीच्या विषयाच्या बळावर तेथे मानाने बसू शकते. हे इतिहासाच्या मानाने लहान यश नव्हे.

कष्टातून येणारे नाते

मात्र एखाद्या गटात नाव नोंदवले म्हणजे आपलेपणा आला असे होत नाही. हजारो सदस्यांच्या गटात आपण परके असू शकतो आणि वीस जणांच्या गटात घरचे. फरक पडतो तो आपण तेथे काय घातले यामुळे. कोशातील एक नोंद, एका नवख्याच्या प्रश्नाला दिलेले धीराचे उत्तर, एका भांडणात केलेली मध्यस्थी, ही सारी गुंतवणूक असते. गोव्याच्या कुडात प्रार्थनेला बसणे हा नियम होता आणि गावकीच्या खोलीत वर्गणी चुकवून चालत नसे, तसेच येथेही काही कर्तव्ये आपोआप चिकटतात. जेथे आपल्याकडून कोणाचीच काही अपेक्षा नाही तेथे आपण ग्राहक असतो.

सामाईक मालमत्ता लोक नीट राखू शकतात की नाही, यावर अर्थशास्त्रात प्रदीर्घ वाद झाला आहे. जे सर्वांचे ते कोणाचेच नाही आणि म्हणून त्याचा नाश अटळ आहे, हे मत बराच काळ प्रभावी होते. एलिनॉर ऑस्ट्रम यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्याला साधार उत्तर दिले. स्वित्झर्लंडमधील डोंगरी कुरणे, जपानमधील गावांची राने, स्पेनमधील पाटबंधारे आणि फिलिपाइन्समधील पाणीवाटप मंडळे यांचा आधार घेऊन त्यांनी दाखवले की वापरणारे लोक स्वतः नियम करतात, राखणदार त्यांना जबाबदार असतो, पहिल्या चुकीला सौम्य आणि पुढच्या चुकीला कठोर शिक्षा असते आणि तंटा जागच्या जागी मिटवण्याची सोय असते, तेथे सामाईक मालमत्ता शतकानुशतके टिकते. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला.

आपल्याकडे या विचाराचा दाखला शोधायला लांब जावे लागत नाही. धुळे-नाशिककडील पांझरा आणि मोसम या नद्यांवरील फड पद्धती काही शतकांची आहे. बंधाऱ्याखालची जमीन फडांत विभागलेली असते, एका फडात एकच पीक घेतात, यंदा पाणी किती आणि कोणत्या फडाला द्यायचे हे शेतकरी मिळून ठरवतात, पाटकरी पाणी वाटतो, जागल्या राखण करतो आणि पाट साफ करायला सर्वांना राबावे लागते. या पद्धतीत पाणी वाटले जाते तसा आपलेपणाही वाटला जातो. कारण पाट उपसताना घाम गाळलेला माणूस त्या पाटाकडे परक्याच्या नजरेने पाहू शकत नाही.

आमच्या कोशाच्या गटात नकळत हेच घडत होते. नोंद कोणी तपासायची, वाद किती दिवस चालू द्यायचा, उर्मट भाषेला काय करायचे, याचे नियम आम्हीच केले होते. फडाच्या शेतकऱ्यापाशी होती आणि आमच्यापाशी नव्हती अशी एकच गोष्ट होती. पायाखालची जमीन आमची नव्हती.

बेदखल होणाऱ्या वस्त्या

काही वर्षांनी एके दिवशी सूचना आली. ज्या संकेतस्थळावर आमचा गट होता ते अमुक तारखेला बंद होणार होते. ज्यांना आपला मजकूर हवा असेल त्यांनी तो त्याआधी उतरवून घ्यावा. परीक्षांचे दिवस होते. कित्येकांपर्यंत सूचना पोहोचलीच नाही. आम्ही चौघापाच जणांनी रात्री जागून जेवढ्या नोंदी वाचवता आल्या तेवढ्या वाचवल्या. परंतु नोंदींखालच्या चर्चा, ते पंधरा दिवसांचे वाद, लातूरच्या गृहस्थांचे ते पेल्यांचे विवेचन, सारे गेले. शब्द हाती राहिले, ते ज्या ओसरीवर जमले ती ओसरी गेली. मंडळी इकडेतिकडे पांगली. माझ्याकडे आज जी वही आहे तिच्यात संज्ञा आहेत; त्या कोणाच्या, हे पुष्कळ ठिकाणी मलाही सांगता येत नाही.

ही एकट्याची कहाणी असती तर येथे मांडली नसती. ‘जिओसिटीज’ ही सेवा १९९४ मध्ये सुरू झाली. तिच्यात लोकांनी आपापली पाने विषयवार ‘वस्त्यां’मध्ये बांधावीत अशी रचना होती, रहिवाशांना तर स्वतःची जमीन कसणाऱ्या वसाहतकाराचे नाव दिले होते. १९९९ साली ‘याहू’ने ती ३०० कोटी डॉलरहून अधिक किमतीला विकत घेतली आणि २००९ च्या ऑक्टोबरात बंद केली. काही स्वयंसेवकांनी घाईघाईने जेवढे उतरवून घेता आले तेवढे घेतले. ‘ऑर्कुट’ने २००४ पासून ब्राझील आणि भारत या दोन देशांतील तरुणांना अक्षरशः वेड लावले होते, ३० सप्टेंबर २०१४ रोजी ते बंद झाले. ‘याहू ग्रुप्स’वरील वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार २०१९-२० मध्ये काढून टाकण्यात आला आणि डिसेंबर २०२० मध्ये ती सेवाच संपली. त्या गटांत दुर्मीळ आजाराच्या रुग्णांचे होते, परदेशी गेलेल्या मराठी मंडळींचे होते, आपल्या गावचे माजी विद्यार्थी शोधणाऱ्यांचे होते.

यात कोणी कायदा मोडला असे नाही. खाजगी व्यवसाय तोट्यात चालवावा असे कोणी म्हणणार नाही. नाव नोंदवताना आपण ज्या अटी न वाचता मान्य करतो त्यांत सेवा बंद करण्याचा अधिकार मालकाने राखून ठेवलेलाच असतो. परंतु यातील अर्थकारण समजून घेतले पाहिजे. अशा जागेचे मूल्य येते कोठून? यंत्रसामग्री आणि तंत्रज्ञ यांचा वाटा आहेच. तरीही एकही माणूस नसलेल्या संकेतस्थळाला कोण विचारील? माणसे येतात, लिहितात, एकमेकांसाठी थांबतात, म्हणून आणखी माणसे येतात आणि जागा मोलाची होते. हेन्री जॉर्ज यांनी १८७९ साली जमिनीविषयी हाच मुद्दा मांडला होता. शहर वाढते ते सर्वांच्या वस्तीने आणि श्रमाने, पण त्यामुळे चढलेला जमिनीचा भाव मात्र जमीनमालकाच्या खिशात जातो. जालावरील गोतावळ्यांत आपलेपणा सदस्य निर्माण करतात. त्याचे खंडरूपी उत्पन्न जाहिरातींच्या वाटेने मालकाकडे जाते. आणि खंड येईनासा झाला की वस्ती उठवली जाते.

मुंबईच्या चाळीतील भाडेकरूची स्थितीही याहून बरी होती. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने त्याला असे सहजासहजी बाहेर काढता येत नसे. त्या कायद्याचे गुणगान करण्याचा माझा हेतू नाही. गोठलेल्या भाड्यामुळे मालकांनी दुरुस्ती सोडली, इमारती खिळखिळ्या झाल्या, आणि शेवटी दुरुस्तीसाठी १९६९ साली वेगळे मंडळ स्थापावे लागले, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला विसरता येत नाही. पण निदान एक गोष्ट कायद्याने मानली होती. दीर्घकाळच्या वहिवाटीतून माणसाचा त्या जागेशी काही संबंध निर्माण होतो आणि त्याची किंमत शून्य नसते. जालावरील रहिवाशाच्या वाट्याला एवढीही मान्यता आलेली नाही.

आल्बर्ट हिर्शमन यांनी १९७० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या छोटेखानी ग्रंथात म्हटले आहे की एखाद्या संस्थेची घसरण होऊ लागली की माणसापुढे दोन मार्ग असतात. एक, सोडून जाणे. दुसरा, आवाज उठवणे. निष्ठा असेल तर माणूस सोडून जाण्याआधी आवाज उठवून पाहतो. येथे निष्ठा भरपूर आहे, पण आवाज ऐकायला सर्वसाधारण सभा नाही. सोडून जायचे तर आपली इतक्या वर्षांची पुंजी मागे ठेवून जावे लागते. निष्ठेला दोन्ही वाटा बंद असल्या की तिचे रूपांतर असहायतेत होते.

दोन धडे

यावर उपाय नाही असे मात्र नव्हे. ज्या ‘द वेल’चा उल्लेख वर आला तिचेच पुढे काय झाले हे पाहण्यासारखे आहे. १९९९ साली ती ‘सलोन’ या प्रकाशन कंपनीच्या हाती गेली. कंपनीचे दिवस फिरले आणि २०१२ मध्ये तिने ही मंडळी विकायला काढली, तेव्हा काही जुन्या सदस्यांनी एकत्र येऊन ४ लाख डॉलर उभे केले आणि ती स्वतःच विकत घेतली. तोवर सदस्यसंख्या आटली होती, नव्या पिढीला तिचे नावही ठाऊक नव्हते. व्यापारी हिशेबाने हा सौदा कोणी शहाणपणाचा म्हणणार नाही. परंतु आपले घर लिलावात निघाले असता रहिवाशांनी जे करायला हवे तेच त्यांनी केले. वर्गणी भरण्याची सवय त्यांना पहिल्यापासून होती, हेही ध्यानात घेतले पाहिजे. फुकटात राहणाऱ्याला घर विकत घेण्याची कल्पना सहसा सुचत नाही.

दुसरा दाखला विकिपीडियाचा. जानेवारी २००१ मध्ये सुरू झालेल्या या ज्ञानकोशातील मजकूर मुक्त परवान्याखाली आहे. कोणीही तो संपूर्ण उतरवून घेऊन दुसरीकडे मांडू शकतो. २००२ च्या प्रारंभी त्यावर जाहिराती येणार अशी चर्चा सुरू झाली. स्पॅनिश भाषेतील लेखकांना ते मान्य नव्हते. त्यांच्यातील बऱ्याच जणांनी आपला सारा मजकूर उचलला आणि सेव्हिल विद्यापीठाच्या आश्रयाने वेगळा कोश उभारला. विकिपीडियावर जाहिराती आल्या नाहीत, त्या आजतागायत नाहीत. पुढे २००३ मध्ये तो ना-नफा प्रतिष्ठानाकडे सोपवण्यात आला. त्याच वर्षी १ मे रोजी, महाराष्ट्र दिनी, मराठी विकिपीडियाचा आरंभ झाला. हिर्शमन यांच्या परिभाषेत सांगायचे तर पुंजीसह सोडून जाण्याचा हक्क असल्यामुळेच आवाजाला वजन आले.

आपल्या कायद्याची स्थिती काय? युरोपीय संघाच्या २०१८ पासून लागू झालेल्या नियमावलीने व्यक्तीला आपली माहिती एका सेवेकडून दुसरीकडे नेण्याचा हक्क दिला आहे. भारतात २०१९ च्या विधेयकात असा हक्क होता. २०२३ मध्ये संसदेने संमत केलेल्या वैयक्तिक डिजिटल विदा संरक्षण कायद्यात तो राहिला नाही. तो पुन्हा यावा, हे मागणे रास्त आहे. तथापि तेवढ्याने भागणार नाही. हा हक्क एकेकट्या व्यक्तीचा आहे. मी माझी वाक्ये घेऊन जाऊ शकेन; पण ज्या वाक्याला ते उत्तर होते ते वाक्य दुसऱ्याचे आहे. गोतावळा म्हणजे सुट्या माणसांची बेरीज नव्हे, आणि सर्वांनी मिळून निर्माण केलेल्या त्या संचिताला कायद्याच्या दृष्टीने अजून धनी नाही. समुदायाने आपला दप्तरसंग्रह एकत्रितपणे नेण्याचा हक्क आणि सेवा बंद करण्याआधी पुरेशी मुदत, एवढ्या दोन गोष्टी तरी कायद्याने दिल्या पाहिजेत. यात मालकावर तोट्यात व्यवसाय चालवण्याची सक्ती नाही. दार बंद करताना आतल्या माणसांना भांडीकुंडी उचलू द्यावीत, एवढेच मागणे आहे.

बाकीचे आपल्या हाती आहे. महाराष्ट्राला सहकाराचा १९६० चा कायदा आहे आणि त्याहून जुनी सहकाराची परंपरा आहे. साखर कारखाने, पतपेढ्या, गृहनिर्माण संस्था यांतील दोषही आपण जवळून पाहिले आहेत; सहकार म्हणजे सचोटीची हमी नव्हे. पण शंभर-दोनशे माणसांनी वर्षाला थोडी वर्गणी काढून आपल्या गटासाठी स्वतःची जागा घेणे, दप्तर दोन ठिकाणी जपणे, नियम लिहून ठेवणे आणि वर्षातून एकदा हिशेब मांडणे, हे चाळीतील गणेशोत्सव मंडळाला जमते ते सुशिक्षितांच्या गटाला जमू नये असे नाही. अडचण पैशाची नाही. इतकी वर्षे फुकट मिळालेल्या ओसरीमुळे ओसरीला खर्च असतो हेच आपण विसरलो आहोत.

माझ्या विद्यार्थ्यांचे आज असे कितीतरी गट आहेत. त्यांत ते रमतात, एकमेकांना सावरतात, प्रसंगी रात्री दहा वाजता रक्त द्यायलाही जातात. त्यांच्या आपलेपणावर शंका घेण्याचा अधिकार मला नाही. गेल्या वर्षी तृतीय वर्षाच्या वर्गात आमच्या हरवलेल्या कोशाची हकिकत मी सांगितली तेव्हा एका मुलीने विचारले, ‘सर, मग तुम्ही तो स्वतःच्या जागेवर का नाही ठेवलात?’ या प्रश्नाला माझ्यापाशी समाधानकारक उत्तर नव्हते. जागेची मालकी हा व्यवहारी लोकांनी पाहायचा विषय आहे आणि आपण ज्ञानाचे काम करीत आहोत, असे तेव्हा आम्हाला वाटत होते, इतकेच मी तिला सांगू शकलो. आता ती आणि तिच्या वर्गातील सात-आठ जण माझ्या वहीवरून तो कोश पुन्हा मांडीत आहेत. कोठे ठेवायचा, खर्च कोणी द्यायचा आणि कोणाच्या नावावर, हे त्यांनी पहिल्या बैठकीत ठरवले; ‘सीमांत उपयोगिता’ दुसऱ्या बैठकीला घेतली.